नऊ पराभव आणि एक धुकं

आमची बेसबॉल टीम गेल्या मोसमात दहा सामने खेळली आणि नऊ हरली. एक जिंकलो, पण त्या रविवारी सकाळी धुकं इतकं दाट होतं की समोरची टीम अजमानच्या मैदानावर पोचलीच नाही. आमची पोचली, कारण आमचे सगळे खेळाडू माझ्या मिनीबसमध्ये होते. सात वाजता नऊ माणसं मैदानावर उभी होती, म्हणून नियमाप्रमाणे आम्ही जिंकलो.

हे मी आधीच सांगून टाकतो, कारण माझ्या धंद्यात तीच रीत आहे. बंद पडलेल्या दुकानांचं सामान मी विकत घेतो, दुबईत अल क्वोजच्या माझ्या गोदामात आणून ठेवतो आणि नवं दुकान थाटणाऱ्यांना विकतो. काउंटर, काचेची कपाटं, सलूनच्या खुर्च्या. ओरखडा कुठे आहे ते गिऱ्हाइकाला मी स्वतः दाखवतो. तो त्याला सापडला तर तो भाव पाडतो. मी दाखवला तर तो बाकीच्या बाजू नीट बघतो. रत्नागिरीजवळच्या खाडीकाठच्या गावातून बाविसाव्या वर्षी इथे आलो तेव्हा अशाच एका गोदामात मी कपाटं उचलत होतो. आज गोदाम माझं आहे. कुणी हातात आणून दिलेलं नाही.

बेसबॉलकडे मी आवडीनं गेलो नाही, रागानं गेलो. शारजात आपल्या लोकांचा एक क्रिकेट क्लब आहे. त्याची पहिली मॅट मी विकत घेतली, पहिलं मैदान मी घासाघीस करून मिळवलं आणि अठरा वर्षं मी त्याचा मॅनेजर होतो. शेवटच्या वर्षी आमच्याकडे साताऱ्याकडचा एक फास्ट बोलर आला. इमारतींभोवती परांची बांधायचं काम करतो, अल क्वोजच्या कामगार कॅम्पात एका खोलीत सहा जणांबरोबर राहतो. लहानपणी त्याचा हात मोडला आणि कोपर वाकडंच जुळलं. चेंडू सोडताना ते कोपर हलायचं. अंतिम सामन्यात अंपायरनं 'हा बॉल टाकत नाही, फेकतो' म्हणत एका षटकात तीनदा नोबॉल दिला. मी मैदानात गेलो. काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. सामना थांबला, आणि आम्हाला हरलेलं धरलं.

दुसऱ्या दिवशी क्लबच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज आला की नवीन कमिटी नेमली आहे आणि 'भाईंच्या आजवरच्या सेवेबद्दल आभार'. खाली हात जोडलेली चिन्हं. तासाभरानं मला ग्रुपमधूनच काढलं. अठरा वर्षांत ज्यांच्या पोरांच्या बारशाला नि निकाहाला मी गेलो, त्यांच्यापैकी एकानंही फोन केला नाही. बोलरलाही काढलं. त्याला तर आभारसुद्धा नाहीत.

त्याच महिन्यात एका बंद होणाऱ्या खेळाच्या दुकानाचं सामान मी घेतलं. त्यात बेसबॉलचे अकरा हातमोजे आणि चार बॅटी होत्या. दुकानदार त्यांचे वेगळे पाचशे दिरहम मागत होता. म्हणजे साडेअकरा हजार रुपये! मी म्हटलं, हबीबी, या देशात हे विकत घेणारं दुसरं गिऱ्हाईक दाखव, मी हजार देतो. दीडशेत सौदा झाला. त्यानं जाता जाता सांगितलं की रविवारी अजमानमध्ये हौशी लोकांची एक लीग चालते आणि त्यांना सहावी टीम मिळत नाहीये.

मी बोलरला फोन केला. "या खेळात बॉल फेकायचाच असतो," मी म्हटलं.

"कोपर वाकवून?"

"वाकवलं नाही तर जमतच नाही."

तो म्हणाला, "भाई, कुणी थट्टा करायला सांगितलंय का तुम्हाला?"

अशी आमची टीम झाली. नऊच्या नऊ जण क्रिकेटवाले. बोलर आमचा पिचर झाला, म्हणजे चेंडू फेकणारा. पहिल्याच दिवशी त्याचा चेंडू हातमोज्यात जो आवाज करून बसला, तो ऐकून शेजारी सराव करणारी फिलिपिनो टीम थांबली. आता ही लीग आपली, असं मला वाटलं. क्लबातल्या लोकांना चषकाचा फोटो कुठल्या मथळ्यासकट पाठवायचा, तेही मी ठरवून ठेवलं होतं.

मग पहिला सामना झाला.

आमचा पहिला बॅट्समन कोल्हापूरचा प्लंबर. क्रिकेटमध्ये सलामीला जायचा, आणि वीस षटकं खेळून नाबाद बारा काढायचा, असा माणूस. त्यानं पहिला चेंडू छान जमिनीलगत मारला, हात वर केला आणि ओरडला, "नोऽऽ! वेट!"

कुणाला थांबवत होता? समोर दुसरा बॅट्समन नव्हताच. बेसबॉलमध्ये चेंडू रेषांच्या आत मारला की पुढच्या बेसकडे, म्हणजे जमिनीवरच्या पांढऱ्या चौकोनाकडे, पळावंच लागतं. तो जागेवर उभा, हात वर, आणि तेवढ्यात समोरच्यांनी चेंडू उचलून पहिल्या बेसवर आरामात टाकला. आऊट.

"पळायचं होतं!" मी ओरडलो.

"रन नव्हता भाई तिथे!" तो म्हणाला. आणि खरंच, क्रिकेटमध्ये नव्हता.

पुढचा पळाला, पण बॅट हातात घट्ट धरून. बेस जवळ आल्यावर त्यानं पाय टाकायच्या ऐवजी वाकून बॅट पुढे टेकवली, क्रीजमध्ये टेकवतात तशी, आणि तिथेच थांबला. क्षेत्ररक्षकानं त्याच्या खांद्याला चेंडू लावला. आऊट. मी अंपायरकडे धावलो. बॅट आत होती, मी माझ्या डोळ्यांनी पाहिली होती! अंपायरनं शांतपणे सांगितलं की बॅटीचा काही संबंध नाही, माणूस बेसवर हवा. माझी मुलगी बारावीत आहे. जाळीबाहेर तिनं कपाळावर हात मारला. "अब्बा, इट्स नॉट क्रिकेट," ती म्हणाली. सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.

चेंडू झेलताना आमचे लोक हातमोजा काढून फेकायचे आणि दोन्ही हातांची ओंजळ करायचे. चांगला चेंडू डोळ्यांदेखत सोडून द्यायचे आणि बॅट उचलून 'वेल लेफ्ट' अशा थाटात उभे राहायचे. तीन चांगले चेंडू सोडले की आऊट, हे पंधरा दिवस कुणाच्या पचनी पडलं नाही. पिचर एकटा समोरच्यांना रोखून धरायचा आणि आम्ही एकही रन न काढता हरायचो. एक-शून्य. दोन-शून्य. तीन-शून्य.

चौथ्या सामन्यात अंपायरनं मला बाहेर काढलं. लीगची सेक्रेटरी एक फिलिपिनो बाई आहे, दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर काम करते, आवाज कधी चढवत नाही. ती जाळीपाशी येऊन मला म्हणाली, "सर, पुढच्या वर्षी मैदान आपल्याला कमी तास मिळणार आहे. सहापैकी पाचच टीम ठेवता येतील. मोसम संपला की कमिटी ठरवेल. तुम्ही हे लक्षात ठेवून ओरडा."

घरी जाताना मिनीबस ड्रायव्हरकडे दिली आणि मी, बायको आणि मुलगी गाडीत बसलो. अजमान ते अल नहदातलं आमचं घर रविवारी पंचवीस मिनिटं. मी सुरू झालो: प्लंबर असा, अंपायर तसा, क्लबवाले हसत असतील. बायकोनं पर्समधून दुधाच्या हिशेबाची लहान वही काढली.

"आधी आज झालेली एक चांगली गोष्ट सांगा," ती म्हणाली. "मग घर येईपर्यंत शिव्या घाला. मी मध्ये बोलणार नाही."

"झाली असती तर सांगितली असती."

"मग गप्प बसा."

पंचवीस मिनिटं गप्प बसणं मला जमत नाही, हे तिला लग्नापासून ठाऊक आहे. अल नहदाच्या सिग्नलला मी म्हटलं, "आपल्या टीममधल्या सुतारानं हातमोजा काढला नाही." तिनं ते लिहून घेतलं, आणि मला बोलायची परवानगी मिळाली, पण तोवर पार्किंग आलं होतं.

तेव्हापासून दर रविवारी हेच. सुरुवातीला मी कशीबशी एखादी गोष्ट शोधायचो, बोलायला मिळावं म्हणून. मग मैदानावर असतानाच नजर तसं काही हेरू लागली. बंद दुकानात शिरल्यावर होतं तसंच ते. धूळ, उखडलेल्या फरश्या, भिंतीवरून ओरबाडलेला बोर्ड हे सगळं दिसतंच, पण मी आत गेलो की आधी बिजागऱ्या बघतो. बिजागरी चांगली असेल तर कपाट विकलं जातं. सहाव्या सामन्यात आमचा पहिला रन झाला. आम्ही सात-एक हरलो आणि आमच्या पोरांनी असा जल्लोष केला की समोरची टीम नक्की कोण जिंकलं ते फळ्यावर पुन्हा बघू लागली. सातव्यात समोरच्या टीमचे दोघे सामना संपल्यावर पिचरकडे आले आणि चेंडू धरतोस कसा, दाखव म्हणाले. तो माझ्याकडे बघत राहिला. ज्या हातासाठी त्याला हाकललं, तो हात लोक शिकायला मागत होते. त्या दिवशी वहीत काय लिहायचं ते मी गाडी सुरू व्हायच्या आधीच सांगितलं.

प्लंबर मात्र सुधरेना. पळायला लागला होता, पण बॅट सोडायचा नाही. "हातातून सुटतच नाही भाई," तो म्हणायचा. "वीस वर्षांची सवय. बॅट टाकून पळायचं म्हणजे पाना टाकून टाकीवरनं उतरल्यासारखं वाटतंय."

शेवटचा सामना. कमिटीचे तिघेही आले होते. तो जिंकला असता तर टीम वाचली असती, असं मी धरून चाललो होतो आणि आदल्या दिवसापासून जेवलो नव्हतो. शेवटच्या डावात आम्ही एका रननं मागे, दोन आऊट, तिसऱ्या बेसवर आमचा माणूस, आणि बॅटिंगला प्लंबर.

त्यानं चेंडू डावीकडे मारला आणि पळाला. चेंडू आणि तो एकाच वेळी पहिल्या बेसवर पोचले. अंपायरनं मूठ आवळली. आऊट. खलास.

मी आत होतो. कधी गेलो ते आठवत नाही. पाय आधी पडला होता, हे मी अंपायरच्या तोंडावर मराठी, हिंदी आणि जमेल त्या अरबीत सांगत होतो. कुणीतरी मागून शर्ट ओढत होतं. तो प्लंबर होता. धापा टाकत होता आणि त्याचा चेहरा लग्नातल्या नवरदेवासारखा फुलला होता.

"भाई, बघितलंत का?"

"बघितलं! आऊट नव्हतास तू!"

"ते नाही हो. बघितलंत का?"

मी त्याचा हात झटकला आणि पुन्हा अंपायरकडे वळलो. सेक्रेटरीनं कागदावर काहीतरी लिहिलं.

गाडीत त्या दिवशी मी स्वतःहून काहीच बोललो नाही. टीम माझ्या तोंडामुळे गेली हे मला कळलं होतं. अर्ध्या रस्त्यात बायको म्हणाली, "आज मीच लिहिलंय." तिनं वही माझ्यासमोर धरली. सिग्नल लाल होता. वहीत लिहिलं होतं: बॅट टाकून पळाला.

"बॅट कुठे होती बघितलीत का तुम्ही?" ती म्हणाली. "जिथे मारली तिथेच पडली होती. तो तुम्हाला तेच दाखवत होता."

मी बघितली नव्हती. सबंध मोसम ज्या एका गोष्टीसाठी मी घसा फोडला, ती झाली तेव्हा मी दुसरीकडे तोंड करून ओरडत होतो.

कमिटीनं शनिवारी दुपारी शारजातल्या एका कॅफेटेरियात बोलावलं. तिघे होते, बोलली फक्त सेक्रेटरी. ती इंग्रजीत बोलली, मी इथे मराठीत लिहितोय. मी वही टेबलावर ठेवली आणि धंद्यातल्या रीतीनं सुरुवात केली.

"नऊ हरलो," मी म्हटलं. "जिंकलो ती धुक्याची कृपा. पहिल्या सामन्यात आमची पाच माणसं चेंडू मारून जागच्या जागी उभी राहिली. शेवटच्या सामन्यात एकही नाही. दहा रविवार नऊ माणसं सात वाजता हजर होती. यातले सहा जण आठवड्याचे सहा दिवस उन्हात काम करतात आणि सातव्या दिवशी पहाटे उठून येतात. तुमच्या बाकीच्या टीमपैकी प्रत्येक टीमची एकदा तरी माणसं कमी पडली आहेत. आणि शेवटचे तीन सामने आम्ही किती रननं हरलो ते बघा. दोन, दोन, एक."

तिनं वही उलटी-सुलटी करून पाहिली. मराठी तिला वाचता येत नव्हती.

"हे कुणी लिहिलं?"

"बायकोनं."

"तुमच्या मिसेस छान आहेत," ती म्हणाली. "सर, तुमची टीम आम्हाला हवीच आहे. तुमच्या पिचरला बघायला लोक लवकर येतात. प्रश्न टीमचा नव्हताच."

"मग कशाचा?"

"तुमचा. टीम राहू शकते. तुम्ही नाही. अंपायरांनी सांगितलंय, तुम्ही मैदानात असाल तर ते येणार नाहीत."

मी उभा राहिलो. खुर्ची मागे पडली. शेजारच्या टेबलावरचे लोक वळून बघायला लागले. माझ्या डोळ्यांसमोर तो क्लबचा मेसेज आला, ती जोडलेल्या हातांची चिन्हं. पुन्हा तेच? टीम उभी करायची मी, आणि हाकलायचं मला? तोंडात आलेलं सगळं बाहेर पडणार होतं.

पण ती माझ्याकडे बघत होती. खाली नाही, फोनकडे नाही. ज्याला काढायचं त्याला समोर बसवून, चहा मागवून, कारण सांगून ती हे करत होती. क्लबातल्या एकानं जरी असं केलं असतं तर मी भांडलो असतो, चार दिवस जेवलो नसतो, पण आज त्यांच्याशी बोलत असतो. आणि तिचं म्हणणं खोटं आहे, असं मला म्हणता येईना.

मी खुर्ची उचलून बसलो.

"किती दिवस?" मी विचारलं.

"पूर्ण मोसम."

"अर्धा. पाच सामने."

"पूर्ण, सर."

"सहा."

"सर, मी दवाखान्यात रोज लोकांना अपॉइंटमेंट देते. सगळ्यांना आजचीच हवी असते." ती हसली. "पूर्ण."

"सरावाला यायचं की नाही?"

"सरावाला या."

"आणि सामन्याला जाळीबाहेर बसलो तर?"

तिनं बाकीच्या दोघांकडे पाहिलं. एकानं मान डोलावली. "बसा," ती म्हणाली. "बाहेर. आणि मॅनेजर म्हणून दुसऱ्याचं नाव द्या. आत्ता."

मी पिचरला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. मागे बादलीत पाणी पडल्याचा आवाज येत होता, तो कपडे धूत होता. मी सगळं सांगितलं.

"म्हणजे टीम राहिली?" त्यानं विचारलं.

"राहिली."

"पक्कं?"

"पक्कं. फक्त मी आत नाही. मॅनेजर तू."

पाण्याचा आवाज थांबला. "भाई, मला इंग्लिश कुठे येतं अंपायरशी भांडण्याएवढं?"

"म्हणूनच तुझं नाव देतोय."

टेबलावरच्यांना मराठी कळत नव्हती, पण मी हसलो म्हणून तेही हसले. पलीकडून तो म्हणाला, "क्लबातनं काढलं तेव्हा मी घरी सांगितलं नव्हतं. आईला अजून वाटतंय मी क्रिकेटच खेळतोय. आता सांगतो तिला." मग विचारलं, "मॅनेजर झालो म्हणून सांगू का?"

"सांग. पगार विचारला तर विषय बदल."

सेक्रेटरीनं कागद पुढे केला. मी तीनदा वाचला, कुठे गोम आहे का ते शोधत. नव्हती. पेन हातात घेतलं आणि पुन्हा खाली ठेवलं.

"एक राहिलं," मी म्हटलं. "पुढच्या वर्षीही आम्हाला सातचाच सामना पाहिजे. दहाचा नको. माझ्या माणसांना परत जाऊन कपडे धुवायचे असतात, आठवड्याचं जेवण करून ठेवायचं असतं, घरी फोन करायचा असतो. रविवार एकच असतो त्यांचा."

"सातची वेळ सगळ्यांनाच हवी असते."

"सगळ्यांना हवी असेल. पण सातला कोण हजर असतं ते तुमच्या कागदावर लिहिलेलं आहे. धुक्याचा दिवस बघा."

तिनं आपले कागद चाळले. बराच वेळ चाळले. मग कागदाच्या तळाशी हातानं एक ओळ लिहिली, खाली आपली सही केली आणि तो माझ्याकडे सरकवला. सात वाजता, दहाही सामने.

क्लबावरचा माझा राग गेलेला नाही. जाणारही नाही, आणि जावा असं मला वाटतही नाही. पण तो चषकाचा फोटो मला आता त्यांना पाठवायचा नाही. आमच्याकडे चषक नाहीच. माझ्याकडे एक सही केलेला कागद आहे आणि नऊ माणसं आहेत, जी चेंडू मारला की बॅट टाकून पळतात.

सही करून मी बाहेर आलो आणि प्लंबरला फोन केला. त्यानं उचलल्या उचलल्या विचारलं, "गेली का टीम?"

"नाही," मी म्हटलं. "आणि ऐक. त्या दिवशी तू बॅट टाकलीस ते मी बघितलं नव्हतं. आता सांग, कसं झालं?"

तो सांगत राहिला. पहिल्या चेंडूपासून. मी पार्किंगमध्ये गाडीला टेकून उभा होतो, ऊन चांगलंच तापलं होतं, आणि एकदाही मध्ये बोललो नाही.